चव : कडू

पाथर्डीच्या पुढे, गर्भगिरीच्या डोंगराखालच्या एका गावात मे महिन्यात स्ट्रॉबेरी पिकते, असं कुणी सांगितलं तर ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप बघेल. बघू दे. पिकते. लाल, टपोरी, वासाने शेडनेटच्या बाहेर उभ्या माणसाला आत ओढणारी. आणि ती पिकवणारीचं नाव कडूबाई.

नाव ऐकून माणसं दोन पावलं मागे सरतात आणि वहिनीला तेच आवडतं, असं तिचा धाकटा दीर कानिफनाथ म्हणतो. कानिफनाथचं बोलणं अर्धंच खरं धरायचं असतं. कडूबाईला ते आवडत नव्हतं, तिला त्याची सवय झाली होती.

तिची आई गोजरबाई. गोजरबाईची आधीची मुलं जगली नाहीत. एक पाळण्यातच गेलं, दोन रांगता रांगता गेली, एक तर चांगलं 'आई' म्हणायला शिकून गेलं. त्यानंतर ही झाली, तेव्हा सुईणीने तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवली, तिथून परत उचलून आणली आणि गोजरबाईला बजावलं, हिला गोड नाव ठेवायचं नाही, गोड म्हणायचं नाही, पापा घेताना सुद्धा तोंड वाकडं करायचं. म्हणून कडू. त्या भागात दगडू, धोंडू, उकिरडा, कडू अशा नावांची माणसं गावोगाव सापडतात आणि त्यांची नावं अशी का, हे तिथे कुणी कुणाला विचारत नाही.

पण गावाबाहेरचं जग विचारतं, आणि विचारून हसतं. आईबापाबरोबर ऊसतोडीला कोपरगावकडे जायची तेव्हा तिथल्या शाळेतली पोरं तिच्या डब्याला हात लावत नसत, भाकरी कडू असेल म्हणून. रडत ती कोपीवर, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपडीवर, यायची. गोजरबाई तिला जवळ घ्यायची, डोक्यावरून हात फिरवायची, कानशिलावर बोटं मोडायची आणि म्हणायची, "कडूजहर हाय माझी पोर." झालं. एवढंच कौतुक. एकदा, फक्त एकदा आईने आपल्याला गोड म्हणावं, असं त्या पोरीला फार वाटायचं. आई म्हणाली नाही. त्याचा राग कडूबाईने पुढे कितीतरी वर्षं मनात धरला, आणि राग धरण्यात ती पक्की होती.

लग्नात तर कहरच झाला. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात नवरीचं नवं नाव लिहिलं: मधुमती. सासरच्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. दुसऱ्या दिवसापासून सासूने "मधे, ए मधे" म्हणून हाका मारायच्या आणि हिने खाली मान घालून खुरपत राहायचं. सासूचा घसा बसला. शेजारणी म्हणाल्या, सून बहिरी मिळाली. शेवटी एक दिवस भर उन्हात, बांधावर उभं राहून सासू किंचाळली, "अगं ए कडू!" आणि कडूबाई टुणकन उठून म्हणाली, "जी, आत्याबाई." त्यानंतर मधुमतीचं नाव त्या घरात कुणी काढलं नाही. नवरा बजरंग आधीपासूनच "अगं" म्हणून भागवत होता, तो सुटला.

बजरंगला नागापूरच्या एमआयडीसीत कंपनीत काम लागलं. त्याच्याआधी काही वर्षं ही दोघं वाईच्या वर, घाटमाथ्यावर, एका स्ट्रॉबेरीच्या नर्सरीत राबायला जात. तिथले साहेब नव्या जाती तयार करण्याच्या नादातले होते. कडूबाईचे हात हलके आहेत हे त्यांनी हेरलं आणि तिला कळ्यांच्या कामाला लावलं. कळी उमलायच्या आत चिमट्याने तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या रोपाच्या फुलातला पिवळा पराग कुंचल्याने तिच्यावर फिरवायचा आणि वर कागदी पिशवी बांधायची. धरलेलं फळ पिकलं की त्याच्या अंगावरचं बी खरवडून पेरायचं. प्रत्येक बीचं रोप वेगळं. त्यातलं मनासारखं एखादं निघालं, की त्याला सुटणाऱ्या वेलीच्या टोकाची, म्हणजे रनरची, रोपं वाढवत जायचं. ती सगळी हुबेहूब आईसारखी. साहेबांनी हे सगळं तिला समजावून सांगितलं आणि तिने ते समजून घेतलं. काम सोडून निघाली तेव्हा साहेबांनी विचारलं, काय देऊ? ती म्हणाली, रोपं द्या.

दोन तऱ्हेची रोपं तिने आणली. एक जात मोठ्या गोड फळाची, पण उन्हाला भिणारी. दुसरी बोराएवढ्या आंबट फळाची, पण काटक. विहिरीजवळच्या वावरात शेडनेट उभारलं, ठिबक अंथरलं. गावाने हात टेकले. कुणी म्हणालं, आता काश्मीरहून सफरचंदं पण आण. कडूबाई म्हणाली, आणीन की, आधी ही हुंद्या.

दोन्ही जातींचा संकर केला, बी पेरलं, रोपं तरारली. थंडीत पाहुणे बघायला येऊ लागले. आणि मग एप्रिल आला. तो एप्रिल कडूबाई अजून विसरलेली नाही. दुपारी शेडनेटखाली पाय ठेववत नव्हता. सकाळी हिरवं दिसलेलं रोप संध्याकाळी चुरगळलेल्या कागदासारखं पडलेलं असायचं. ओळीच्या ओळी गेल्या. ती रोज मेलेली उपटायची आणि बांधावर टाकायची. बजरंग सुट्टीला आला, त्याने बांधावरचा ढीग पाहिला आणि चहा टाकला. चांगला माणूस.

पश्चिमेच्या कडेला, जिथे ऊन सगळ्यात जास्त वेळ मारतं, तिथे एक रोप राहिलं. त्याची पानं जाड होती, खालून लव असलेली. ते नुसतं जगलं नव्हतं, त्याला कळी होती. कडूबाई त्याच्यापुढे उकिडवी बसली. कुणाला हाक मारावी, दाखवावं, नाचावं असं वाटत होतं. यातलं तिने काही केलं नाही. तिने तोंड वाकडं केलं, बाजूला थुंकल्यासारखं केलं आणि पुटपुटली, "कडू हाय मेलं." मग पदराच्या काठाचा काळा दोरा काढून रोपाशेजारच्या काडीला बांधला.

कडू, तेच त्या जातीचं नाव. ठेवायचं म्हणून ठेवलं नाही, पडलं. त्या रोपाच्या रनरची रोपं झाली, त्यांच्या रनरची आणखी झाली, पुढचे सगळे उन्हाळे त्यांनी काढले, फळं दिली, आणि घरात सगळे म्हणू लागले, कडूला पाणी सोडलं का, कडूची फळं तोडली का.

आता कानिफनाथचं सांगितलं पाहिजे. कानिफनाथची नगर रस्त्याला नर्सरी आहे. डाळिंब, लिंबू, शेवगा, गुलाब. माणूस कष्टाळू, पण स्वभाव असा की देवळात गेला तरी आधी चपलांची जागा भाड्याने देता येईल का ते बघेल. वहिनीच्या फळाची चव घेतल्या दिवसापासून त्याची झोप उडाली होती. जातीची सरकारदरबारी नोंद कर, हे त्यानेच सांगितलं, म्हणजे दुसरा कुणी आपली म्हणून विकू शकणार नाही. ते त्याचं खरं होतं. मात्र अर्ज जायच्या आतच त्याने नर्सरीवर बोर्ड रंगवून टाकला: 'येत आहे, मधुराणी!' शेजारी मुकुट घातलेली स्ट्रॉबेरी.

कडूबाईने बोर्ड वाचला. "ही कोन मधुरानी?"

"वैनी, आपली स्ट्रॉबेरी. कडू नावाचं फळ कोन खाईल? येडंबिडं लागलंय का गिऱ्हाइकाला?"

"भाऊजी, मला बी मधुमती करून बघितलं हुतं तुमच्या घरानं. आठवतंय का?"

कानिफनाथला आठवत होतं. लग्नात पेढे त्यानेच वाटले होते.

अर्ज कडूबाईने स्वतः भरला, आणि तो भरणं म्हणजे जातीचं अख्खं वर्णन लिहिणं. पान कसं, देठाला लव किती, फूल पानांच्या वर की खाली, फळ शंकूसारखं की गोल, वरची हिरवी टोपी फळाला चिकटलेली की उचललेली, गर आतून लाल की पांढरट. तिने वाफ्यात बसून, रोपाला हात लावून लावून एकेक रकाना भरला. चांगलं जमत होतं. मग रकाना आला: चव.

ती थांबली. समोर कडूची ओळ होती, फळांनी वाकलेली. 'गोड' लिहायचं, एवढंच होतं. तिचा हात उठेना. भर उन्हाळ्यात, जिवंत, नांदत्या रोपांच्या तोंडावर गोड लिहायचं? कागदावर, शाईने? घाटावर चिमट्याने कळ्या सोलणारी, परागाचं शास्त्र समजलेली बाई ती, पण ते शास्त्र त्या घटकेला कुठे गेलं कुणास ठाऊक. तिने रकान्यात लिहिलं: कडू. आणि बरं वाटलं तिला.

नोंदणीच्या ऑफिसचं उत्तर आलं ते वाचून कानिफनाथ हसून हसून खाली बसला. अर्जात जातीचं नाव कडू आहे आणि चवही कडू आहे, असं त्यात म्हटलं होतं. चव खरोखर कडू असेल, तर अशी स्ट्रॉबेरी नोंदवण्याचं प्रयोजन काय? आणि चव कडू नसेल, तर हे नाव दिशाभूल करणारं आहे, ते बदलावं. पाहणीसाठी अधिकारी येतील.

अधिकारी आल्या त्या अल्मास शेख. नगर शहरातल्या, शेतीत एम.एस्सी. झालेल्या, तिशीतल्या. भर मेमध्ये दुपारी शेडनेटखाली शिरल्या, तिथे लगडलेली फळं पाहून जागीच थांबल्या आणि मोठ्याने "अरे वा!" म्हणाल्या. कडूबाईने पटकन बाजूला थुंकल्यासारखं केलं. मॅडमना वाटलं, बाईंच्या तोंडात माती गेली.

त्या दिवशी गोजरबाई पण आली होती. शेजारच्या गावाहून नातवाच्या मोटरसायकलवर बसून, हट्टाने. पोरीचं रान बघायला सरकार येनार, मंग मी नको? तिला दाराजवळ पोत्यावर बसवलं होतं आणि जवळ तोडलेल्या फळांची पाटी होती. कानिफनाथ इस्त्रीच्या सदऱ्यात मॅडमच्या मागे मागे.

मॅडमनी पानं मोजली, फळं कापून पाहिली, वेगवेगळ्या वाफ्यांतली रोपं शेजारी ठेवून ताडली. सगळं सारखं, सगळं कागदाबरहुकूम. मग एक फळ तोंडात टाकलं. डोळे मिटले.

"ताई, हे कडू नाही."

"न्हाई."

"मग लिहिलंत का?"

कडूबाई खाली वाकून वाळकी पानं खुडू लागली. "सांगा की वैनी," कानिफनाथ म्हणाला.

"रोपाम्होरं बसून लिवत हुते," कडूबाई म्हणाली. "गोड लिवायला हात उठला न्हाई. बास."

मॅडम हसल्या नाहीत. पेन काढून त्यांनी तो रकाना दुरुस्त केला: गोड, किंचित आंबट, सुवासिक. "पण आता नाव अडतं," त्या म्हणाल्या. "नाव एक सांगतंय आणि फळ दुसरंच. नियम वाईट नाही हो, ताई. उद्या कुणी पाणचट फळाला अमृत म्हणून विकलं तर तुम्हीच भांडाल."

"मधुराणी लिहा, मॅडम," कानिफनाथ पुढे झाला. "नाव तयार आहे. बोर्ड पण आहे."

"मंग चव कडूच ऱ्हाऊ द्या," कडूबाई म्हणाली.

"खोटं मी लिहिणार नाही."

"आन् नाव मी बदलनार न्हाई."

मॅडमनी कपाळावरचा घाम पुसला. "नाव मान्य झालं नाही तर अर्ज पडेल. मग ही जात तुमची नाही. कुणीही रोपं नेईल, वाटेल त्या नावाने विकेल, आणि तुम्हाला एक शब्द बोलता येणार नाही. इतकी वर्षं घालवलीत. एका नावासाठी?"

"एका नावासाठीच," कडूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला तो खाली आणायचा नव्हता. "मॅडम, साळंत मला हसले. लग्नात माझं नाव तांदळात पुसलं. आता हिचं पुसायचं? ज्यानं जीव धरला ते नाव काढून मधुरानी म्हनू? पडू द्या अर्ज. माझ्या वावरात ती कडूच ऱ्हाईल."

"वैनी, अहो डोकं हाय का—"

"थू!" दाराकडून आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. गोजरबाईने पाटीतलं फळ तोंडात घातलं होतं. बोळक्या तोंडाने ती ते चोखत होती, लाल रस हनुवटीवरून लुगड्यावर ओघळत होता. तोंड तिने भलतंच वाकडं केलं होतं. "थू थू! कडूजहर!" असं म्हणून तिने दुसरं फळ उचललं.

मॅडम घाबरल्या. "आजी, खराब लागलं का?"

"लई कडू, बाई. घास जाईना." दुसरं फळ गेलं. तिचा हात तिसऱ्याकडे निघाला.

कानिफनाथला हसू फुटलं. मॅडम मात्र म्हातारीकडे बघतच राहिल्या, तिच्या वाकड्या तोंडाकडे आणि डोळ्यांकडे, कारण डोळे हसत होते. त्या तिच्यापाशी खाली बसल्या. "आजी, गोड आहे. मी खाल्लंय. गोड का नाही म्हणत?"

गोजरबाईने लुगड्याच्या पदराला हात पुसले. "गोड म्हनलेली चार पुरलीत म्या," ती म्हणाली. "हिला कडू म्हनले. ही बघा हुबी हाय."

ठिबकचं पाणी तेवढं टपटपत होतं. हे कडूबाईला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं निराळं. आईने जन्मभर तोंड वाकडं केलं ते आपल्यासाठी, जीव मुठीत धरून, आणि आपण त्या बाईवर राग धरून बसलो. आज त्याच वाकड्या तोंडाने ती आपल्या फळाचं कौतुक करत होती. कडूबाईला हवं होतं ते सगळं त्या थुंकण्यात होतं.

मॅडम उठल्या. अर्जाच्या शेवटी नावाविषयी खुलासा द्यायला जागा होती. "नावाचं कारण सांगा," त्या म्हणाल्या. "थोडक्यात. मी लिहिते."

कडूबाईने डोळे पुसले नाहीत, पुसायची तिला गरज वाटली नाही. "लिवा. आधीची जगली न्हाईत. ही जगली. आमच्याकडं जे जगावं वाटतं त्याला कडू म्हंत्यात."

"'नाहीत', 'म्हणतात', असं शुद्ध करून लिहू?"

"बोलले तसं लिवा."

मॅडमनी ती बोलली तसं लिहिलं. खाली स्वतःचा शेरा जोडला, की सदर जात कडक उन्हाळ्यात तग धरते, हे त्यांनी स्वतः पाहिलं आहे; या भागात हे नाव चव सांगत नाही, जातीचा मुख्य गुण सांगतं; सबब दिशाभूल होत नाही. आणि निघताना दोन फळं पर्समध्ये टाकली. वासराला न विचारता दूध काढावं तसं, हळूच.

ऑफिसने पुढेही शंका काढल्याच, पुन्हा लिहून मागवलं, दुसरं नाव सुचवून पाहिलं. कडूबाईने प्रत्येक वेळी तीच वाक्यं पाठवली, त्याच अक्षरांत. शेवटी नोंद झाली. जात: स्ट्रॉबेरी, कडू.

कानिफनाथने बोर्ड नव्याने रंगवला. मुकुट गेला. मोठ्या अक्षरांत 'अस्सल कडू स्ट्रॉबेरीची रोपं व फळं येथे मिळतील' आणि खाली, बारीक अक्षरांत, कंसात, 'चवीला गोड'. कडूबाई टर्पेंटाइनचा बोळा घेऊनच नर्सरीवर गेली.

"ते खालचं पुसा, भाऊजी."

"वैनी, गिऱ्हाईक पळंल!"

"पळू द्या. ऱ्हाईल त्ये खाईल."

पुसणं चालू असतानाच नेवाशाची एक गाडी थांबली. आतल्या बाईने काच खाली केली, बोर्ड वाचला, पाटीतल्या लाल फळांकडे पाहिलं. फळं फारच सुंदर होती. "अहो, ही खरंच कडू आहेत का?"

कानिफनाथने वहिनीकडे हात जोडून पाहिलं.

कडूबाईने फळांवरून हलकेच हात फिरवला, तोंड वाकडं केलं आणि बाजूला थुंकल्यासारखं केलं.

"कडूजहर," ती म्हणाली. "किती बांधू?"